डावा आला का?

नवरा: जपून, जपून! डावीकडे तिरका कर. अगं, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या.

बाई: तू उलटा चालतोयस, मग तुझं डावं मला कसं कळणार? आणि हा जिना कोणी बांधलाय, कठडा न लावता?

कारागीर: दाराला टेकवू नका, रंग ओला आहे! खाली तर अजिबात नको. इथे, या टेबलावर. आडवा. जाळीची बाजू वर.

नवरा: साहेब, आधी जरा श्वास घेऊ का?

कारागीर: घ्या की. पण खोकं धरून घ्या. हं. आता सोडा. डावा का हो हा?

बाई: डावा आहे. का? तुम्हाला कसं कळलं?

कारागीर: सहज विचारलं. बसा. म्हणजे तुम्ही बसा बाई, ते उभे राहतील. माझ्याकडे एकच खुर्ची आहे.

बाई: मला बसायचं नाहीये. मला फक्त एक सांगा, फाटलेले स्पीकर दुरुस्त करणारे ते तुम्हीच ना? कारण इथेही चुकीचा पत्ता निघाला ना, तर मी याच जिन्यावर बसून भोकाड पसरणार आहे.

कारागीर: फाटलाय तो वूफर. स्पीकर म्हणजे अख्खं खोकं. आणि मी दुरुस्त करत नाही, पूर्ववत करतो. दोन्हींत फरक असतो.

नवरा: किमतीतही असेल.

कारागीर: असतो. तर काय काय करून आलात याचं, ते आधी सांगा. माझ्याकडे कोणी पहिल्यांदा येत नाही. सगळे सगळीकडून हात टेकून येतात.

बाई: आधी कंपनीला फोन केला. त्यांनी गाणं लावून ठेवलं, मी धरून बसले. एवढी आवाजाची कंपनी, आणि फोनवरचं गाणं मेलं फाटकं! मग एक मुलगी आली. म्हणाली, हे मॉडेल बंद झालंय, नवीन जोडी घ्या. मी म्हटलं, मला जोडी नकोय, एकच आहे, तो नीट करून द्या. तर हसली. म्हणे, एकच कसा असेल मॅडम, जोडीच असते.

कारागीर: बरोबर बोलली.

बाई: तुम्ही तिची बाजू घेऊ नका! मग त्या काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या टायवाल्याने या स्पीकरकडे बघितलंसुद्धा नाही. नव्या स्पीकरसमोर बसवलं, कॉफी दिली, आणि म्हणाला, मॅडम, इमोशनल होऊ नका.

नवरा: कॉफी बरी होती.

बाई: मग ह्याने त्या त्याच्या ग्रुपवर फोटो टाकला. हौशी लोकांचा ग्रुप आहे. एक म्हणाला वायर बदला, दुसरा म्हणाला खोली बदला. पहाटेपर्यंत ते एकमेकांशी भांडले आणि दोघं ग्रुप सोडून गेले.

कारागीर: आणि मग?

बाई: मग काय? ह्यालाच विचारा.

नवरा: मग मी कोपऱ्यावरच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे दिला. हात चांगला आहे हो त्याचा. आमचा मिक्सर त्यानेच...

कारागीर: थांबा. जाळी काढू द्या. हे काय आहे?

नवरा: ते ना... त्याने लावलंय.

कारागीर: कोणीतरी लावलंय हे मलाही दिसतंय. काय लावलंय?

नवरा: सोल्युशन. सायकलच्या पंक्चरचं. आणि वर ट्यूबची पट्टी. म्हणाला, हवा धरून ठेवते.

कारागीर: वूफरात हवा भरायची असते का?

बाई: हेच, अगदी हेच मी विचारलं!

कारागीर: अहो, ही वस्तू करणाऱ्या माणसाने केसाएवढी फट मोजून मोजून ठेवली असेल, आणि त्यावर तुम्ही सायकलची ट्यूब चिकटवता? उद्या चष्म्याची काच फुटली तर पत्रा ठोकून घ्याल!

नवरा: साहेब, मी चिकटवली नाही. मी फक्त नेऊन दिला.

बाई: आणि मुळात फाटला कसा, तेही सांग ना.

नवरा: झालं. आला व्हॅक्यूम क्लीनर.

बाई: आला म्हणजे? तूच आणलास तो! मी म्हटलं होतं, त्याला हात लावू नकोस, मी मऊ फडक्याने पुसते. तर हा महाशय जाळी काढून, नळी लावून...

नवरा: धूळ होती गं!

बाई: दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड लावली, तर गाणाऱ्याच्या घशात खडे भरल्यासारखी खरखर. दोन महिने झाले. माझ्या घरात आवाज नाही.

नवरा: गाण्याचा नाही. बाकीचा भरपूर आहे. दोन महिने झाले, मला झाडूशिवाय काही हातात मिळत नाही.

कारागीर: इकडे या दोघं. हे बघा. हा कागदाचा कोन. याच्या कडेने गोल फिरलेली ही फोमची रिंग. या रिंगवर कोन मागेपुढे हलतो, म्हणून आवाज येतो. आता रिंगला बोट लावा. लावा, लावा, आता काय बिघडायचं राहिलंय!

बाई: अगं बाई! भुकटी झाली.

कारागीर: सडली आहे. वय झालं तिचं. व्हॅक्यूम लावला नसता तरी महिन्याभरात गळून पडली असती. कोन तिरपा झाला, आत घासायला लागला, म्हणून खरखर. यात यांची चूक नाही.

नवरा: पुन्हा म्हणा.

कारागीर: काय?

नवरा: शेवटचं वाक्य. हिच्याकडे तोंड करून.

बाई: बरं बरं. कळलं. घरी गेल्यावर बघू. नवीन रिंग बसते ना पण? आहे तुमच्याकडे?

कारागीर: आहे. या मापाची आता कुठे मिळत नाही. सगळीकडे विचारून या, शेवटी माझ्याच दारात याल. एकाच थानातून कापलेल्या दोन उरल्या आहेत.

बाई: वा! मग बसवा एक.

कारागीर: नाही बसवणार.

बाई: नाही म्हणजे?

कारागीर: याचा उजवा कुठे आहे?

बाई: उजव्याला काही झालेलं नाही. म्हणजे मला माहीत नाही. ते जाऊ द्या ना, तुम्ही हा करा.

कारागीर: बाई, एकाला नवी रिंग आणि दुसऱ्याला जुनी, म्हणजे एक स्पष्ट बोलतो आणि दुसरा बोबडा. दोन्ही शेजारी ठेवून, दोन्ही वाजवून, एकाला दुसऱ्याशी जुळवावं लागतं. मी अर्धं काम करत नाही. आजवर केलेलं नाही. उजवा कुठे आहे?

बाई: माझ्या भावाकडे.

कारागीर: मग आणा त्यांच्याकडून.

नवरा: ते जरा अवघड आहे, साहेब. सहा वर्षं बोलत नाहीत दोघं.

बाई: तू गप्प बस ना!

नवरा: मी गप्प बसलो तर संध्याकाळपर्यंत इथेच उभं राहावं लागेल मला. खुर्ची एकच आहे.

कारागीर: एक मिनिट. जोडीतला एक तुमच्याकडे, एक भावाकडे? ही कुठली पद्धत? बुटांची जोडी पण अशीच वाटून घेतलीत का?

नवरा: बूट राहिले तेवढे. बाकी सगळं घेतलं. सासरे गेले, घर विकलं, आणि वाटणी करायला यांचे मोठे काका बसले. काका एकदम काट्यावर तोलणारे. जे जे दोन असेल ते एक हिच्या भावाला, एक हिला. खिडकीचा एक पडदा आमच्याकडे आहे. मोठ्या शब्दकोशाचा दुसरा भाग आमच्याकडे, पहिला त्यांच्याकडे. मला घरी फक्त 'प'पासून पुढचे शब्द बघता येतात.

बाई: हसू नकोस. पडद्यांचं मला काही नव्हतं. सगळं घेऊन जा म्हटलं होतं मी दादाला. भांडी ने, कपाटं ने, मला फक्त स्पीकर दे. तर तोही तेच म्हणायला लागला. सगळं तुला, मला फक्त स्पीकर. इतका हट्टी! लहानपणापासून असाच. मग मी काहीतरी बोलले, तो काहीतरी बोलला. काका म्हणाले, ठीक आहे, एक एक घ्या आणि तोंडं बंद करा.

कारागीर: आणि तुम्ही घेतला? एक?

बाई: घेतला. डावा. कारण डावीकडे मी बसायचे.

कारागीर: कुठे डावीकडे?

बाई: आमच्या खोलीत. बाबा मधे खुर्चीवर. त्यांच्याशेजारी कोणी बसायचं नाही. मी डाव्या स्पीकरपाशी जमिनीवर, दादा उजव्यापाशी. बाबांनी स्कूटर विकून आणली होती ही जोडी. आई वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि मग तीच रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, लावा की!

कारागीर: म्हणजे सहा वर्षं तुम्ही एकच वाजवताय?

नवरा: तेही धड नाही. आमच्या अँप्लिफायरला एक बटण आहे, दाबलं की दोन्ही बाजूंचं सगळं एकातून येतं. हिने ते कधी दाबू दिलं नाही. बाबांची ती लाडकी रेकॉर्ड आहे, त्यात तो डावीकडून गातो आणि ती उजवीकडून उत्तर देते. तर आमच्याकडे तो एकटाच गातो. एक कडवं म्हणतो आणि थांबतो. आम्ही सगळे शांत बसतो. मग पुन्हा तो.

बाई: मला नको ते बटण. उजवीकडे कोणीतरी आहे हे कळायला हवं ना मला. बटण दाबलं की ती इकडेच येते, मग तिकडे काही उरतच नाही.

कारागीर: हं.

बाई: हं काय? हसा तुम्हीसुद्धा. बाबांचं घर गेलं, खोली गेली, आता तिथे कोणाचं तरी ऑफिस आहे. हा एवढा आवाज माझ्याकडे राहिला होता. तोही गेला. मला तो परत हवाय, बस. एकच बसवा. बोबडा तर बोबडा, मला चालेल.

कारागीर: मला चालणार नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे वेळही नाही. एक डॉक्टर आहेत, याच मापाच्या रिंगांसाठी रोज माझं डोकं खातात. त्यांना मी आज संध्याकाळी या म्हणून सांगितलंय. किती दिवस अडवून ठेवू?

बाई: अडवून? कोणासाठी अडवून ठेवल्या होत्या?

नवरा: कोण ओरडतंय खाली?

कारागीर: आमचा वॉचमन. गाडी फाटकासमोर लावलीत ना? हवा सोडतो तो.

नवरा: अहो मग आधी सांगायचं! आलोच मी. पंक्चरचं सोल्युशन या खोक्यावरच संपलंय.

बाई: गेला. आता सांगा. कोणासाठी अडवून ठेवल्या होत्या?

कारागीर: मागच्या पट्टीवर नंबर असतो. जोडीला एकच नंबर. वाचतो तुमचा. शेवटी बावन्न, बरोबर? आता ती कोपऱ्यातली चादर उचला.

बाई: का? काय आहे?

कारागीर: उचला तर खरं.

बाई: हा... हा आमचा आहे. ही कोपऱ्यावरची खोच, दादाच्या बॅटने पडलेली. उजवा आहे हा! इथे कसा?

कारागीर: तीन महिने झाले. एक गृहस्थ घेऊन आले. हीच रिंग, अशीच भुकटी. एकाच दिवशी जन्मलेल्या रिंगा, एकदमच जाणार. मी त्यांनाही हेच विचारलं, डावा कुठे? ते म्हणाले, बहिणीकडे. आणा म्हटलं. तर तुमच्यासारखंच, ते जाऊ द्या, तुम्ही हा करा. घराणं एकच, यात काही शंका नाही.

बाई: मग?

कारागीर: मग मी बोलून गेलो, तुमच्या बहिणीच्या रिंगचीही वेळ भरत आलीय, आणि ही बसवणारा मी एकटाच उरलोय. त्यावर जरा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे ती इथेच येणार. मी म्हटलं, येणार. तर म्हणाले, मग राहू दे इथे. मी थांबतो. आणि तेव्हापासून दर शनिवारी फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न. डावा आला का?

बाई: तीन महिने त्याला माहीत होतं? आणि मी दारोदार फिरतेय! त्या टायवाल्याकडून इमोशनल होऊ नका ऐकून घेतलं मी! एक फोन नाही करता आला त्याला?

कारागीर: ते मला विचारू नका. मला तुम्हा दोघांचा वैताग आलाय. माझी अर्धी खोली अडली आहे. आणि त्यांना मी दम भरणार होतो, पण पाठीला पट्टा बांधून एकट्याने तीन मजले चढवला होता त्यांनी हा. घामाने भिजले होते. त्यांना काय बोलणार?

बाई: पाठीला पट्टा? दादाच्या? कधीपासून?

कारागीर: मला काय माहीत? भाऊ तुमचा आहे.

बाई: मला कोणी सांगितलंच नाही.

कारागीर: कोण सांगणार? रडू नका बाई, टेबलावर उघडा कोन आहे, कागदाचा आहे. लावा त्यांना फोन.

बाई: मी नाही लावणार. आणि माझ्या फोनवरून लागणारही नाही. मी त्याचा नंबर... ते बटण असतं ना, पुन्हा येऊच नये म्हणून. ते दाबलंय.

कारागीर: ते बटण बरं चालतं तुम्हाला! घ्या, माझ्या फोनवरून लावतो. पण स्पीकरवरच बोलावं लागेल. कानाचा आवाज गेलाय याचा.

बाई: तुमच्या? मग नीट का करत नाही?

कारागीर: मला वेळ आहे का! वाजतोय बघा. धरा.

(फोन टेबलावर, सडक्या रिंगेशेजारी.)

दादा: हां, बोला. डावा आला का?

बाई: आलाय.

कारागीर: हॅलो? आहात ना हो?

दादा: ठमे?

बाई: ठमी म्हणू नकोस मला. तीन महिने गंमत बघत बसलास? एक फोन करायला काय झालं होतं?

दादा: तूच म्हणाली होतीस, पुन्हा मला फोन करू नकोस. आयुष्यात एकदा तुझं ऐकलं, तर त्यातही चुकलं का?

बाई: हेच एक वाक्य सापडलं तुला ऐकायला! अभ्यास कर म्हणत होते, ते नाही ऐकलंस. पत्त्यात लबाडी करू नकोस, ते नाही ऐकलंस.

दादा: मी लबाडी करत नव्हतो. तुला खेळता येत नव्हतं.

बाई: पाठीचं काय झालंय?

दादा: काही नाही. मणका आहे. असतो सगळ्यांना.

बाई: मणका सगळ्यांना असतो, पट्टा नसतो! आणि तसल्या पाठीने तो एवढा उचललास? कोणी मदतीला नव्हतं घरात?

दादा: होते. पण दुसऱ्याच्या हातात द्यायला भीती वाटली. आपटला असता तर?

बाई: गाढव आहेस. माझ्याकडे ह्याने त्याला पंक्चरचं सोल्युशन लावलं.

दादा: कशाला लावलं? डाव्याला?

बाई: ओरडू नकोस. निघेल. निघेल ना हो?

कारागीर: निघेल. माझे हात तुटतील, पण निघेल. मी काय म्हणतो, ऐका दोघं. डॉक्टरांना मी येऊ नका म्हणून कळवतो. रिंगा आता बसवायला घेतो, चार वाजेपर्यंत सुकतील. चारला दोन्ही लावून ऐकायचे, तेव्हा तुम्ही दोघं इथे हवेत. हा असाच वाजायचा की नाही ते मी सांगू शकत नाही. मी कधी ऐकला नव्हता. आणि नंतर नेणार कोण, हेही तेव्हाच ठरवायचं. एक एक करून मी देणार नाही.

दादा: तिला द्या दोन्ही.

बाई: मला नकोत. त्याला द्या. माझ्याकडे खोली लहान आहे.

दादा: माझ्याकडे मोठी आहे, पण मला नकोत. त्या रेकॉर्डची सीडी आहे माझ्याकडे, सहा वर्षं ती गाणारी बाई माझ्या घरात नुसती उत्तरं देतेय. प्रश्न काय होता ते मुलं विचारतात. मी सांगतो, आत्याकडे आहे.

बाई: मुलांना माहीत आहे मी? म्हणजे... माझं नाव निघतं?

दादा: न निघायला काय झालं? धाकटीची तर उंचीही तुझ्याएवढीच राहणार असं दिसतंय.

कारागीर: अहो, आधी इतके भांडलात, आता दोघांनाही नको? मग माझ्या बोकांडी ठेवणार काय! ते जाऊ दे. चारला या म्हणजे झालं. खुर्ची एक आहे, ती मी बरोबर मधे ठेवणार. दोन्ही स्पीकर मधल्या माणसालाच सारखे ऐकू येतात. एकाने बसायचं, मग दुसऱ्याने. बाजूला उभं राहून काही कळत नाही, त्यामुळे मला तिथून सल्ले नकोत.

दादा: खुर्चीत तू बस, ठमे.

बाई: मी नाही बसणार. मी डावीकडे खाली बसेन.

दादा: मग मी पण उजवीकडे. मला खाली बसता आलं तर.

कारागीर: आणि मधे कोण बसणार? मी?

बाई: मधे कोणी नको. खुर्ची ठेवा फक्त.

कारागीर: रिकामी? अहो, मग ऐकायचं कोणी?

दादा: ठेवा हो साहेब. बाबांची असते ती. ठमे, अर्ध्या तासात निघतो मी. बाबांची रेकॉर्ड माझ्याकडे नाहीये पण. तूच आण.

बाई: आणते. आणि दादा, घाई करू नकोस. इथल्या जिन्याला कठडा नाहीये. खालून हाक मार, मी येते धरायला.